टेकडीवरचा डबा शोधताना: पुण्याभोवतीच्या जिओकॅशिंगबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सकाळी टेकडीवर फिरायला येणारी मंडळी आम्हाला झुडपात वाकलेलं बघतात आणि थांबून विचारतात. ऑफिसातले विचारतात, सोसायटीतली मुलं विचारतात, एकदा वनरक्षकांनीही विचारलं. तेच तेच प्रश्न असतात, म्हणून उत्तरं एकदाच सविस्तर लिहून ठेवतेय. कुठला डबा कुठे आहे हे मात्र यात सापडणार नाही. शोधणाऱ्याचा आनंद मला हिरावून घ्यायचा नाही.

जिओकॅशिंग म्हणजे नेमकं काय?

कुणीतरी एक डबा लपवतो आणि त्या जागेचे अक्षांश-रेखांश खेळाच्या वेबसाइटवर, त्या डब्याच्या पानावर जाहीर करतो. बाकीचे जीपीएसच्या मदतीने तिथे पोहोचतात, डबा शोधतात, आतल्या वहीत नाव आणि तारीख लिहितात आणि डबा होता तसा परत ठेवतात. खेळ एवढाच.

सुरुवात मे २००० मध्ये झाली. तोपर्यंत सामान्य माणसाला मिळणाऱ्या जीपीएस सिग्नलमध्ये अमेरिकी सरकार मुद्दाम चूक घालत असे, त्यामुळे जागा शंभरेक मीटरने सुद्धा चुकायची. ती चूक त्या महिन्याच्या सुरुवातीला काढून टाकली आणि लगेच, ३ मे रोजी, डेव्ह अल्मर या गृहस्थाने ऑरिगन राज्यात बीव्हरक्रीकजवळच्या रानात एक बादली ठेवून तिचे आकडे इंटरनेटवर टाकले. त्या बादलीत पुस्तकं होती, गलोल होती, घेवड्याच्या दाण्यांचा एक डबाही होता. आज खाण्याची वस्तू डब्यात ठेवायला पूर्ण मनाई आहे. वासाने जनावरं येतात, डबा फोडतात आणि प्लास्टिक खातात.

यात पैसे असतात का?

नाहीत. ‘कॅश’ या शब्दामुळे आपल्याकडे हा घोटाळा हमखास होतो. मूळ शब्दाचा अर्थ लपवून ठेवलेला साठा असा आहे, रोकड नव्हे. म्हणून टेकडीवर किंवा गावात बोलताना मी ‘डबा’ म्हणते, आणि तुम्हीही तेच म्हणा. फोनवर मोठ्याने ‘कॅश इथेच कुठेतरी लपवलीय’ म्हणणारा माणूस रानात बघितला तर कोणालाही शंका येईल.

मोठ्या डब्यात किल्लीची साखळी, गोट्या, बिल्ले, नाणी असं किरकोळ सामान असतं. एक घेतलंत तर तितक्याच मोलाचं दुसरं ठेवायचं.

काय काय न्यावं लागतं?

फोन, पूर्ण चार्ज केलेला. पॉवर बँक. पाणी, उन्हाळ्यात माणशी निदान दोन लिटर. घोट्यापर्यंतचे बूट, पूर्ण बाह्यांचा शर्ट, एक काठी, टॉर्च, आणि पेन्सिल. पेन्सिल मुद्दाम सांगतेय: दमट कागदावर बॉलपेन उमटत नाही आणि शाईचं पेन फुटतं. बागकामाचे जाड हातमोजे असतील तर उत्तम.

फावडं, खुरपं, पहार यांतलं काहीही नेऊ नका. डबा जमिनीत पुरायचा नाही हा या खेळाचा नियम आहे, त्यामुळे खोदायची वेळ येतच नाही. कारण पुढे येईलच.

एक सावधगिरी: उपग्रहावरून संदेश पाठवणारी जी उपकरणं परदेशात ट्रेकर सर्रास वापरतात, ती आपल्याकडे परवान्याशिवाय बाळगणं बेकायदा आहे. परदेशातून आलेला भाऊ-मित्र भेट म्हणून आणतो आणि अडचणीत येतो. फक्त सिग्नल घेणारं साधं जीपीएस यंत्र ही वेगळी गोष्ट.

आकडे बरोबर टाकले तरी नकाशा भलतीकडेच दाखवतो, असं का?

बहुतेक वेळा आकडे लिहायच्या पद्धतीमुळे. डब्यांचे आकडे अंश आणि दशांश मिनिटांत देतात, तर फोनवरचे नकाशे बऱ्याचदा दशांश अंशांत दाखवतात. समजा अक्षांश १८ अंश ३१.५०० मिनिटं असा दिलाय (हा नुसता नमुना आहे, इथे डबा नाही). एका अंशात ६० मिनिटं, म्हणजे हा आकडा १८.५२५ अंश होतो. कुणी घाईत तो १८.३१५ असा टाकला, तर बाण जवळपास २३ किलोमीटर दक्षिणेला नेऊन ठेवतो. रेखांशातही तीच चूक झाली तर तुम्ही थेट घाटापलीकडे.

मिनिटाचा तिसरा दशांश म्हणजे जमिनीवर साधारण १.८ मीटर. इतका बारीक आकडा दिलाय म्हणून डबा तितक्या अचूकपणे सापडेल अशी अपेक्षा मात्र ठेवू नका.

फोन म्हणतो ‘पोहोचलात’, पण डबा दिसत नाही. आता काय?

खरा शोध इथून सुरू होतो. मला सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्नही हाच.

मोकळ्या आकाशाखाली फोनचं जीपीएस साधारण पाच मीटरपर्यंत अचूक असतं. डबा ठेवणाऱ्याच्या फोनलाही तीच मर्यादा होती. त्याची पाच मीटरची चूक आणि तुमची पाच मीटरची चूक एकाच दिशेला पडली की दहा मीटर झाले. दहा मीटर त्रिज्येचं वर्तुळ म्हणजे ३१४ चौरस मीटर, आपल्या भाषेत चार-पाच टू-बीएचके फ्लॅट. तेवढी जागा, तीही झुडपांनी आणि दगडांनी भरलेली. खाणीच्या उभ्या कड्याखाली किंवा दाट झाडीत सिग्नल कातळावर आपटून येतो, मग वर्तुळ आणखी वाढतं. बाण एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे गरगरतो आणि माणसं त्याच्यामागे गोल गोल फिरत राहतात.

तसं करू नका. दहा-बारा मीटर अलीकडे थांबा, फोन मिनिटभर स्थिर धरा आणि बाण कुठे दाखवतो ते लक्षात ठेवा. मग बाजूला पंधरा-वीस पावलं जाऊन दुसऱ्या दिशेने तेच करा. दोन रेषा जिथे छेदतात तिथे डोळे लावा आणि फोन खिशात टाका. हो, अक्षरशः खिशात. शेवटचे दहा मीटर फोनचे नाहीत, डोळ्यांचे आहेत. होकायंत्रावरही डोळे झाकून विसंबू नका. आपल्या बेसॉल्टमध्ये लोहखनिज असतं, कातळाजवळ काटा कधीकधी हलतो, आणि फोनच्या कव्हरात चुंबक असेल तर बोलायलाच नको.

डोळ्यांनी बघायचं म्हणजे नक्की काय बघायचं?

फेब्रुवारीतली एक सकाळ सांगते. मी आणि माझा भाचा शहरातल्याच एका टेकडीवर, गिरिपुष्पाच्या रानात पाऊण तास हिंडत होतो. पंधरा दगड उचलून झाले, काही नाही. शेवटी दमून खाली बसलो. बसल्यावर नजर जमिनीच्या उंचीला आली आणि समोरच्या दगडांत एक वेगळा दिसला. बाकीच्या सगळ्यांची पाठ करडी, त्यावर दगडफुलाचे पांढुरके-हिरवट चट्टे. या एकाचा वरचा भाग मात्र तांबूस, मातीचा, स्वच्छ, आणि चट्टे खालच्या बाजूला. म्हणजे कुणीतरी तो कधीतरी उलटा ठेवला होता. भाच्याने काठीने तो कलता केला. मागच्या खोबणीत काळी चिकटपट्टी गुंडाळलेला, मुठीएवढा डबा होता. आत बोटाच्या पेराएवढी पेन्सिल आणि घडी घातलेली वही. शेवटची नोंद चौदा महिन्यांपूर्वीची.

तेव्हापासून मी आधी बसते, मग शोधते. बसून काय बघायचं? निसर्ग जे करत नाही ते. एकसारख्या लांबीच्या काटक्या शेजारी शेजारी पडलेल्या. दगडावर दगड असा तिघांचा ढीग, जिथे वरून घरंगळत यायला उतारच नाही. सभोवती गिरिपुष्पाचा पाला आणि एकाच जागी कडुनिंबाचा. झाडाच्या बुंध्याशी दाबून बसवलेला सालीचा तुकडा, ज्याचा रंग त्या झाडाचा नाही. घायपाताच्या बेटात एकच पान वाकवलेलं.

त्याच्याआधी घरी बसून वेबसाइटवर डब्याच्या पानावरची माहिती नीट वाचलेली असली पाहिजे. डब्याचा आकार किती ते बघा. ‘सूक्ष्म’ असेल तर फिल्मच्या डबीएवढा, त्यासाठी बादली मावेल अशी ढोली शोधण्यात अर्थ नाही. अवघडपणा आणि वाट यांना एक ते पाच असे आकडे दिलेले असतात: पहिला शोधणं किती कठीण ते सांगतो, दुसरा चालणं किती कठीण ते. हिंट बऱ्याचदा इंग्रजी अक्षरं तेरा घरं सरकवून लिहिलेली असते, ती ॲपमध्ये एका स्पर्शात उलगडते. जुने लॉग, म्हणजे आधीच्या शोधणाऱ्यांनी पानावर लिहिलेल्या नोंदी, वाचा. ‘पाय भिजले’ एवढ्या दोन शब्दांतून सुद्धा ओढ्याची कुठली बाजू ते कळतं.

आणि सगळ्यात उपयोगी, पण फार थोडे लोक बघतात ती गोष्ट: डबा कोणत्या महिन्यात ठेवला. पुण्याच्या टेकड्या वर्षातून दोनदा कात टाकतात. एप्रिलमध्ये पानगळ होऊन सगळं उघडं असतं, तेव्हा लपवणारा एखाद्या ठळक दगडाची खूण देतो. ऑगस्टमध्ये तो दगड कमरेएवढ्या गवतात बुडालेला असतो. उलट श्रावणात हिरव्या पानांआड ठेवलेला हिरवा डबा मार्चमध्ये उघड्यावर येतो आणि कुणीतरी उचलून नेतो. तारीख बघितली की लपवणाऱ्याच्या डोळ्यांसमोर त्या दिवशी काय होतं ते आपल्याला दिसायला लागतं.

दगड उचलून बघायला हरकत आहे का?

उचलावा तितका कमी चांगला. दगडाखाली विंचू, पाली, गोम, मुंग्यांची अंडी असं एक अख्खं घर असतं. उचललाच तर पलीकडची कड वर करून आपल्याकडे, म्हणजे दगड आपल्या आणि खालच्या प्राण्याच्या मध्ये राहील असा कलता करा, आणि होता त्याच बाजूने, त्याच खाचेत परत ठेवा. वर सांगितलेल्या त्या सकाळी आम्ही पंधरा दगड उलथले, आणि परत जाताना एकेक जागेवर बसवायला शोधण्याइतकाच वेळ लागला. तो वेळ द्यायलाच हवा.

फांद्या मोडणं, साल सोलणं, कपार मोठी करणं हे अजिबात नाही. डब्यापायी जागेची नासधूस होत असेल तर तो डबा न सापडलेला बरा.

साप-विंचवाची भीती वाटते.

वाटायलाच हवी, पण तिला शिस्त लावा. आपल्या भागात नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं हे चारही प्रमुख विषारी साप आहेत. घोणस पाचोळ्यात इतकी मिसळते की पाय पडेपर्यंत दिसत नाही. फुरसं दगडांच्या सांदीत असतं. म्हणून नियम एकच, आणि त्याला अपवाद नाही: जिथे नजर पोहोचत नाही तिथे हात घालायचा नाही. आधी टॉर्च, मग काठी, मग हात.

साप चावलाच तर चिरा देणं, दोरी आवळणं, मांत्रिक यांत एक मिनिटही घालवू नका. चावलेला भाग हलू देऊ नका, अंगठी-घड्याळ काढा, १०८ ला फोन करा आणि सरकारी रुग्णालय गाठा. या चौघांच्या विषावर एकच प्रतिविष चालतं, त्यामुळे साप मारून किंवा पकडून नेण्याची गरज नसते.

लाल विंचवाकडे लोक दुर्लक्ष करतात आणि तिथेच फसतात. त्याचा दंश हृदयावर परिणाम करतो. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन हे औषध त्यावर वापरून दाखवलं आणि कित्येक जीव वाचले. लहान मुलाला विंचू चावला, घाम फुटला, हातपाय गार पडले, तर घरी वाट बघू नका.

किल्ल्यांवर आणि कड्यांवर आग्या मोहोळ असतं. अत्तर, परफ्युम, धूर, आरडाओरडा चालणार नाही. पोळं दिसलं तर त्या कड्याखालचा डबा त्या दिवशी सोडून द्या.

कोणत्या दिवसांत जावं?

नोव्हेंबरअखेर ते फेब्रुवारी. दिवाळीच्या आसपास कुसळी गवत वाळलेलं असतं आणि कुसळं मोज्यांतून आत शिरतात, ती एक कटकट. फेब्रुवारीत गणेर पिवळा फुलतो, मग पांगारा आणि पळस. पानं नसतात, लांबवर दिसतं. मार्च-एप्रिलमध्ये भल्या सकाळी जाऊन नऊच्या आत परत या. वणव्याचे दिवस असतात, काडी-सिगारेट टेकडीवर नेऊसुद्धा नका. पावसाळ्यात शहरातल्या टेकड्या ठीक, पण ताम्हिणी, मुळशीकडच्या ओढ्यांचं पाणी बघता बघता चढतं. पलीकडच्या काठावर डबा आहे म्हणून ओढा ओलांडायचा नाही.

कुणी हटकलं तर काय सांगायचं?

खरं सांगायचं. आपल्याकडे हा प्रश्न साधा नाही. किल्ल्यांच्या पायथ्याच्या गावांनी गुप्तधनाच्या नादाने आलेली माणसं पाहिलेली असतात. वेल्ह्याच्या बाजूला एका गुराखी मामांनी आम्हाला गाठलं. “काय हुडकताय ताई?” आवाजात जरब होती. मी फोनवरचं पान दाखवलं, जुन्या डब्याचा फोटो दाखवला, रिकामे हात दाखवले. त्यांनी आधी आमच्या पिशवीकडे बघितलं, पहार आहे का म्हणून. खात्री पटल्यावर स्वतःच म्हणाले, “त्या धोंड्याखाली मागं एक डबडं होतं बघा, पोरांनी नेलं.” आम्ही घरी येऊन डब्याच्या मालकाला, म्हणजे तो ठेवणाऱ्याला, तसं कळवलं.

शहरात भीती वेगळी. १३ फेब्रुवारी २०१० चा कोरेगाव पार्कचा स्फोट आणि १ ऑगस्ट २०१२ चे जंगली महाराज रस्त्यावरचे स्फोट पुणेकर विसरलेले नाहीत. झुडपात काहीतरी ठेवून झटपट निघून जाणारा माणूस दिसला की लोक ११२ लावतात, आणि त्यांनी लावावाच. म्हणून लपूनछपून वागू नका. पोलीस किंवा वनरक्षक आले तर डबा उघडून दाखवा, वही वाचू द्या.

किल्ल्यावर, तलावाकाठी, लष्करी हद्दीजवळ डबा चालतो का?

लष्करी हद्द, धरणाची भिंत, विमानतळाचा परिसर: नाही. खडकवासल्याला राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या कुंपणापाशी बाण आत दाखवत असेल तर तो आकडा चुकीचा आहे असं धरून परत फिरा.

संरक्षित किल्ल्याच्या तटात, बुरुजाच्या फटीत, देवळाच्या चौथऱ्यात डबा ठेवू नये आणि तिथे शोधत चिरेही हलवू नयेत. राजगड, लोहगड आणि शिवनेरी २०२५ साली जागतिक वारशाच्या यादीत आले. तिथला सुटा दिसणारा दगडही कुणाच्या तरी हातचा घडवलेला आहे. अशा जागांसाठी बिनडब्याचे प्रकार आहेत. आकड्यांवर पोहोचायचं, तिथे बघून कळणाऱ्या प्रश्नाचं उत्तर पाठवायचं. त्यातल्या ‘अर्थकॅश’ (इंग्रजीतलं ‘अर्थ’, म्हणजे पृथ्वी) या प्रकारात प्रश्न भूगर्भाचे असतात, आणि लाव्ह्याचे थर एकावर एक मोजता येतील असे कडे आपल्याइतके कुठे असणार!

डबा मिळाला. पुढे?

उघडण्याआधी त्याचा आणि जागेचा फोटो काढा, म्हणजे परत तसाच ठेवता येईल. वहीत नाव-तारीख, पाणी असेल तर रुमालाने पुसून कोरडं करा, झाकणाच्या चारही कड्या लागल्याचा आवाज ऐका. जवळून फिरायला आलेले लोक जाऊ द्या, मग ठेवा. वही लगदा झाली असेल तर एक कोरडा कागद ठेवून मालकाला कळवा; जुनी वही न विचारता आणू नका, त्यात लोकांच्या वर्षानुवर्षांच्या नोंदी असतात. ऑनलाइन लॉग लिहिताना जागा फोडू नका.

सापडलाच नाही तर?

तसं लिहा. ‘सापडला नाही’ ही नोंद करायला लोक लाजतात आणि गप्प बसतात. मला हे मनापासून चुकीचं वाटतं. पुण्याभोवती डबे मुळात थोडे, त्यातले काही पावसाने, माकडांनी किंवा साफसफाईत गेलेले. तुमची नोंद बघून मालक जाऊन खात्री करतो आणि पुढच्या माणसाची घाटातली फेरी वाचते. किती वेळ शोधलं, गवत किती होतं, कुठे कुठे बघितलं हे दोन ओळींत लिहा.

मुलांना नेलं तर चालेल?

जरूर. सात-आठ वर्षांची मुलं मोठ्यांपेक्षा लवकर शोधतात, त्यांची नजर मुळातच खालच्या उंचीला असते. वाटेचा आकडा दोनच्या आत असलेला डबा निवडा आणि हात घालण्याचा नियम त्यांच्याकडून घरून निघतानाच म्हणून घ्या.

एकट्याने जाऊ का?

शहरातल्या टेकडीवर, उजेडात, चालेल. तिथेही वनखात्याच्या फाटकावर लिहिलेल्या वेळा पाळा. सिंहगड-कात्रज डोंगररांगेत किंवा मुळशीकडे एकट्याने नको. नेटवर्क जातं, म्हणून नकाशा आणि डब्याचं पान आधीच फोनमध्ये उतरवून घ्या. जीपीएसला नेटवर्क लागत नाही, नकाशाला लागतं. कुठे जाताय आणि किती वाजता परतणार ते घरी सांगून निघा.

मला स्वतःचा डबा ठेवायचाय.

आधी वीसेक तरी शोधा. मग जागेच्या मालकाची परवानगी घ्या; बऱ्याच टेकड्या वनखात्याच्या ताब्यात आहेत, तिथे त्यांना विचारल्याशिवाय नाही. दुसऱ्या डब्यापासून निदान १६१ मीटर अंतर लागतं. झाडाला खिळा ठोकायचा नाही, खड्डा करायचा नाही. पान प्रसिद्ध होण्याआधी स्वयंसेवक ते तपासतात.

डबा पारदर्शक घ्या, घट्ट झाकणाचा, आणि आत मराठीत स्पष्ट चिठ्ठी ठेवा: ‘हा खेळाचा डबा आहे, धोका नाही, कृपया जागेवर ठेवा.’ बाहेरूनही वाचता यायला हवी. काळ्या पट्टीत गुंडाळलेले, वायर बांधलेले, बंदुकीच्या गोळ्यांच्या पेटीसारखे डबे परदेशात चालत असतील, इथे नकोत. वहीला झिपची पिशवी आणि सिलिका जेलची पुडी. जूनच्या पहिल्या आठवड्यात एकदा आणि नवरात्राच्या आसपास एकदा स्वतः जाऊन बघा. तेवढं जमणार नसेल, पुढच्या वर्षी बदली होणार असेल, तर डबा ठेवू नका. दुसऱ्या कुणाच्या जुन्या डब्यात कोरडी वही ठेवून या.